स्टिकरवरच्या जाऊबाई

थोरल्या जाऊबाई आणि मी धायरीत घरीच मसाला करून विकायचो. गेल्या वर्षी त्या वारल्या. पाकिटावर त्यांचा फोटो हवा म्हणून मी स्टिकरच्या दुकानात गेले. त्यांचा चांगला फोटो एकच, त्यात शेजारी मीही होते.

“मावशी, गोलात दोघी बसणार नाहीत. कापताना कड जाते,” कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली. “कोणाला ठेवू?”

“त्यांनाच ठेवा.”

तिने मला काढलं. जाऊबाईंच्या खांद्यावर माझा हात तेवढा उरला.

“हा बरा नाही दिसत. पुसते हं.”

राहू दे, असं ओठांवर आलं. साडीचा रंग भरून तिने खांदा अगदी नीट केला. आता प्रत्येक पाकिटावर जाऊबाई एकट्याच हसतात.