बियाण्याचा भोपळा

“भ्यायचं तेवढं काठावर भिऊन घ्यावं. पाण्यात भ्यायला जागा न्हाई.”

नागुमाय हे रोज म्हणायची. ती या हिवाळ्यात गेली, पण मन्याडकाठच्या आमच्या गावात लहान पोरी भांडतानासुद्धा एकमेकींना हेच ऐकवतात.

तिची धाकटी बहीण नदीवर कपडे धुवायला गेली आणि तिथंच बुडून राहिली. तेव्हा नागुमाय लग्नाची होती, आणि तिला पोहता येत नव्हतं. पुढं नातवंडं झाल्यावर, ज्या वयात बाया गुडघे धरून बसतात त्या वयात, ती पाण्यात उतरली. म्हशीची शेपटी धरून शिकली म्हणतात. मग विहिरीत पडलेली मोटर वर काढायला लोक तिला बोलवायला लागले. दोर कमरेला बांधून ती तळ गाठायची आणि वर आल्यावर आधी चहा मागायची.

साठी उलटल्यावर तिनं गावातल्या पोरींना पोहणं शिकवायला घेतलं. विहीर व्यंकटरावांच्या मळ्यातली, पायऱ्यांची. ते पहिल्या दिवशी म्हणाले, “नागुबाई, पोरींच्या मासोळ्या करून राहिल्या काय?”

“मासोळीच बरी, व्यंकटराव. मासोळी बुडाली असं कधी ऐकलं काय तुम्ही?”

ते हसले, आणि मळ्याचं फाटक उघडं राहिलं.

माझी लेक महामाया, आमची माया, अकरा वर्षांची झाली तेव्हा तिनंही हट्ट धरला. मला पोहता येत नाही. खोल पाणी बघितलं की मी मागं सरतो. तरी मी रोज सकाळी तिच्यासोबत जायचो आणि वरच्या कठड्याला धरून उभा राहायचो. पोरी खाली हसायच्या, आणि मी पाण्यात माझ्या पोरीचं डोकं पुन्हा पुन्हा शोधायचो.

आमच्याकडं वाळलेला दुधी भोपळा दोन कामांना लागतो. अखंड भोपळा पाठीला बांधून पोहणं शिकतात. दुसऱ्याचं तोंड कापून त्यात बियाणं ठेवतात आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकतात. दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले असतात. हलवले तर दोन्ही खुळखुळतात, कारण अखंड भोपळ्यात त्याच्या स्वतःच्या बिया असतात. म्हणून नागुमाय प्रत्येक पोरीचा भोपळा हातात घेऊन सगळीकडून बोटानं चाचपायची, मगच पाठीला बांधू द्यायची. गाठ मात्र पोरीनं स्वतः मारायची, पोटावर, एका ओढीत सुटेल अशी.

एक दिवस आम्हाला उशीर झाला. माया घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या खुंटीवरचा भोपळा ओढून पुढं पळाली. मी पोचलो तेव्हा बाकीच्या पोरी पाण्यात होत्या, नागुमाय पायरीवरून लांब वेळूनं एकीचे हात सरळ करत होती, आणि मायानं गाठ मारून उडीसुद्धा घेतली होती.

थोडा वेळ सगळं नीट होतं. मग मला तिच्या पाठीमागून बुडबुडे येताना दिसले. एक, मग पाठोपाठ बरेच. पाणी गढूळ झालं. शेणाचा रंग मी ओळखला. शिल्पानं, माझ्या बायकोनं, तो भोपळा स्वतः लिंपला होता. पेरणी झाल्यावर मूठभर तूर तळाला राहिली होती.

“नागुमाय, बियाण्याचा हाय तो! बियाण्याचा!” मी वरून ओरडलो.

माया तेव्हा विहिरीच्या मध्यावर होती. भोपळा भरत गेला तशी ती एका अंगाला कलली. आधार होता ते ओझं झालं. तिनं तोंड वर करून मला बघितलं, आणि मी पायऱ्या उतरायला लागलो.

नागुमायनं तिच्या हातातला वेळू माझ्या छातीला आडवा लावला. “तू काठावर भी, आनंद. दोघांना काढायला मला एकच जीव हाय.”

दम्यामुळं नांदेडच्या डॉक्टरांनी तिचं पाण्यात उतरणं बंद केलं होतं. तरी ती कमरेएवढ्या पाण्याच्या पायरीपर्यंत गेली. वेळू पुढं केला. तो पुरला नाही. मायाच्या बोटांत आणि त्याच्यात हातभर पाणी राहिलं. माया त्याच्याकडं झेप घ्यायला गेली आणि खाली गेली.

ती वर आली ती पुन्हा वेळूकडंच हात लांबवत.

“वेळूकडं बघू नको,” नागुमाय म्हणाली. आवाज अगदी रोजचा, चूल फुंकता फुंकता बोलावं तसा. “माया, पोटावर हात ने. गाठ कुठं हाय?”

मायाचा एक हात पाण्याखाली पोटाकडं गेला.

“हाव, तिथंच. ओढ.”

तिनं ओढलं. डोकं पुन्हा पाण्याखाली गेलं. मग तिच्या मागून भोपळा मोकळा होऊन एकदा फिरला आणि सावकाश बुडाला. माया वर आली, खोकली, आणि हात मारायला लागली. वाकडेतिकडे, पण हात. पायरीला टेकली तेव्हा मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, “पप्पा, दुखतंय.”

आरडाओरडा ऐकून व्यंकटराव धावत आले होते. “आता हे बंद करा, नागुबाई. माझ्या विहिरीत काही झालं असतं म्हणजे?”

“झालं न्हाई, ते बी तुमच्याच विहिरीत,” ती म्हणाली. मग मायाकडं वळली. “उद्या सकाळी ये. भोपळा आणू नको.”

माया माझ्याकडं बघत राहिली. नको, हा शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला आणि मान हलवली.

नागुमायनं ओलं लुगडं पिळलं, वेळू खांद्यावर टाकला आणि कापसातल्या बांधानं निघाली. पाठ ताठ, चाल रोजची. पोरी बघत होत्या. व्यंकटराव फाटक लावायला गेले होते, ते फाटक धरूनच बघत राहिले. बांध वळतो तिथं मोठी बाभूळ आहे. तिच्या आड गेल्यावर आपण कुणाला दिसत नाही असं तिला वाटलं असावं. मी मायाला जवळ धरून पायऱ्यांच्या वर उभा होतो, तिथून मला दिसलं. ती बाभळीला टेकून खाली बसली, दोन्ही हात काखेत दाबून धरले, आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं. बऱ्याच वेळानं ती उठली, पदर सारखा केला आणि गावाकडं चालायला लागली.