एका काजानं चुकलेला शर्ट

गुलाबताईंच्या शर्टाचं बटन कायम एका काजानं चुकलेलं असायचं. साडीवर पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट, निळ्या चौकड्यांचा, धुऊन धुऊन विटलेला. पदर कमरेला खोचलेला, कानांवरून ओढणी, पायांत मोजे आणि मोज्यांवर अंगठ्याची चप्पल. चप्पल नीट बसावी म्हणून मोज्याला अंगठ्यापाशी कात्रीनं वाट करून दिलेली. दिवाळी उलटून हवा जरा फिरली, की या थाटात त्या ओवे गावाहून सायकलवर निघायच्या आणि कळंबोलीला आमच्या शाळेत यायच्या. मी त्या वर्षी नुकतीच ग्रंथपाल म्हणून तिथे लागले होते. खारघरच्या वळणावर त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी मोठ्या सौजन्यानं म्हणाले, "अहो, बटन चुकलंय तुमचं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माजं बटन चुकलंय. तुजं तर सगलंच चुकलंय गो."

खोटं नव्हतं. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली. डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून सायकल घेतली, आणि सायकल घेतली म्हणून तिचा पोशाख घेतला. आतून थर्मल, त्यावर सासूबाईंनी विणलेला स्वेटर, त्यावर ऑनलाइन मागवलेलं जाकीट. ते बर्फात चालणाऱ्यांसाठी आहे, असं त्याच्या लेबलवरच लिहिलं होतं. डोक्यावर माकडटोपी, तिच्यावर हेल्मेट, जे माकडटोपीमुळे बसत नसे आणि गांधीटोपीसारखं तरंगत असे. मी पुण्याची. थंडी म्हणजे काय ते आम्हालाच कळतं, अशी माझी ठाम समजूत. पनवेलची थंडी ती काय, पाचवरचा पंखा दोनवर आला की इथे शाली निघतात. पण डॉक्टरांच्या भाषेत मी आता 'काळजी घेण्याच्या वयात' होते ना. मी निघाले की आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "शिखरावर पोचलीस की फोन कर. आणि येताना दूध."

टोलनाक्यापर्यंत माझ्या आत पावसाळा सुरू व्हायचा. शाळेत पोचून जाकीट काढलं की आख्खी बाई निथळलेली, आणि तशीच मी पंख्याखाली बसायची. गुलाबताई मात्र फाटकातून आत येताना शर्ट काढून घडी घालायच्या, वाऱ्याला आड म्हणून छातीशी खोचलेला कालचा पेपर बाहेर काढायच्या, त्यातलं माझं राशिभविष्य वाचून दाखवायच्या आणि कोरड्या ठणठणीत वर्गावर जायच्या.

त्या भूगोल शिकवायच्या. शर्ट उतरला की भाषा बदलायची, हे मी दुसऱ्याच दिवशी टिपलं. वर्गात, "मुलांनो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना मतलई वारे म्हणतात." आणि सायकलवर, "यो बघ, मतलई आला. मान झाक गो." वर्गात 'आहे', सायकलवर 'हाय'. शाळेत मी 'सुलभाबाई, आपण', रस्त्यावर 'सुलभा गो, तू'. मी दोन्हीकडे त्यांना 'गुलाबताई, तुम्ही'च म्हणत राहिले. दोन भाषा दोन खुंट्यांना टांगाव्यात तशा टांगल्या होत्या त्यांनी.

बटनाचं कोडं त्यांनीच सोडवलं. ते चुकत नव्हतं, चुकवलेलं होतं. सकाळी कळंबोलीकडे येताना डोंगराचा वारा डाव्या अंगानं येतो. एक काज सोडून बटन लावलं की शर्टाची डावी बाजू वर सरकते, कॉलर कानापर्यंत चढते आणि मान झाकली जाते. "मफलर उडतो, चाकात जातो. कॉलर कुटं जाईल?"

त्यांचं दुसरं वाक्य माझ्या कानात अजून आहे. माझे दात वाजायला लागले की त्या म्हणायच्या, "थंडी वाजते तर वाजू दे. घंटी पन वाजते. दोगींचं सांगनं येकच, पाय हलव." आणि तिसरं, जे ऐकायला मी फार उशीर केला: "उंबऱ्यावर थोडी थंडी वाजली तर समज कपडे बरोबर. घरातच ऊब आली तर वाटेत आंगोल."

शर्ट त्यांच्या मालकांचा. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, पैसा आला, ओव्यात तीन मजली बंगला झाला, थोरला लेक जितू बिल्डर झाला, दारात दोन पांढऱ्या गाड्या उभ्या राहिल्या. या सगळ्यातून शर्ट आणि सायकल तेवढी जशीच्या तशी शिल्लक होती. आणि जितूला नेमकं तेच सलत होतं.

"काकू, तुम्हीच सांगा तिला," तो एकदा शाळेच्या फाटकाशी मला म्हणाला. गळ्यात चेन, अंगात हाफ टी-शर्ट. "दोन-दोन गाड्या, ड्रायव्हर, आणि आई फिरते बाबांचा फाटका शर्ट घालून. लोक मला विचारतात, जित्या, आईला गाडीत बसवायला लाज वाटते काय रे तुला?"

"फाटका नाय," गुलाबताई मागून म्हणाल्या. "उसवलेला हाय. तुज्यासारका."

त्या वर्षीचा हिवाळा त्यांच्या नोकरीतला शेवटचा. जानेवारीअखेर निवृत्ती. त्यांचा एकच हट्ट होता: "सायकलीवर नोकरीला लागले, सायकलीवरच सुटनार." जितूनं शेवटी तह केला, पण तहात मेख मारली. या थंडीत आई एकदा जरी खोकली, तरी सायकल भंगारात आणि उरलेले दिवस गाडीतून. गुलाबताईंनी मान्य केलं. त्यांना स्वतःच्या शर्टावर भरवसा होता. बिचाऱ्यांनी माझा हिशेब धरला नव्हता.

डिसेंबर लागला आणि मी खोकायला लागले. घाम आणि पंखा, दुसरं काय होणार. पण जितूला ते आयतंच सापडलं. फाटकाशी माझा खोकला ऐकून तो आईला म्हणाला, "बघ. काकूंनी एवढं जाकीट घालून ही गत. तू तर नुसती शर्टावर. उद्या तुझी पाळी."

"तिला जाकिटानंच झालाय," गुलाबताई म्हणाल्या.

"जाकिटानं कुणाला खोकला होतो?"

यावर मी काही बोलणार, तर मला पुन्हा ढास लागली. गुलाबताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी घरी जाऊन माकडटोपी कपाटात टाकली आणि ह्यांचा एक जुना फुलशर्ट काढला. हे म्हणाले, "उतरलीस का शिखरावरून?"

त्यानंतरची एक सकाळ. असं धुकं, की रस्त्यापलीकडचं झाडही दिसेना. न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर दिसायच्या आधी ऐकू येत होते. मी वळणावर थांबले. गुलाबताई कधी उशीर करत नसत. मी फोन केला, तो वाजत राहिला. पिशवीत तळाला टाकलेला फोन त्यांना कधी ऐकू यायचा म्हणा. आधी वाटलं, खोकल्या असतील आणि जितूनं सायकल कुलपात घातली असेल. मग एक ट्रेलर अगदी जवळून गेला, त्याच्या वाऱ्यानं माझी सायकल हलली, आणि मला वेगळंच काही वाटायला लागलं. मी सायकल वळवली आणि ओव्याच्या दिशेनं निघाले. त्या सकाळी मला थंडी वाजली की नाही, ते आठवत नाही.

थोडं पुढे गेल्यावर धुक्यात पिवळे दिवे लुकलुकताना दिसले. कडेला गाडी. गाडीला टेकलेली गुलाबताईंची सायकल. आणि खाली, चाकापाशी, जमिनीलगत तो निळ्या चौकड्यांचा शर्ट. मी उतरले. खरं तर उतरले नाही, पाय आपोआप टेकले.

शर्ट हलला. वर आला. शर्टात जितू होता.

"काकू, जॅक आहे का हो तुमच्याकडे?" तो म्हणाला.

सायकलवर निघालेल्या बाईला कुणी असं विचारतं का? पण मी त्या क्षणी घरातून जॅकसुद्धा आणून दिला असता. गाडीची काच खाली आली आणि आतून गुलाबताई म्हणाल्या, "काय गो, पांढरी फटक पडलीस? ये, आत ऊब हाय."

मी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून नुसती हसत राहिले. हसता हसता खोकले. खोकता खोकता डोळे पुसले. त्या दोघांना वाटलं, खोकल्यामुळे.

मग उलगडा झाला. जितू दिवाळीपासून रोज आईच्या मागून गाडी घेऊन यायचा. बरंच अंतर ठेवून, दिवे लुकलुकत ठेवून, मागून येणारे ट्रेलर बाजूनं जावेत म्हणून. शाळेचं वळण आलं की परत फिरायचा. आईला कळू द्यायचं नव्हतं. आज धुक्यात जवळ राहावं लागलं, त्यात चाक पंक्चर. स्टेपनी काढली तर तीही बसलेली, जॅक ड्रायव्हरनं दुसऱ्या गाडीत ठेवलेला, आणि साहेब गाडीतल्या उबेच्या भरवशावर हाफ टी-शर्टात कुडकुडत उभे.

"मग फट्ट झालं ते मना ऐकू आलं," गुलाबताई म्हणाल्या. "मागं फिरून बघते तर यो. म्हनं, सायकल दे, पंक्चरवाल्याला घेऊन येतो. मी म्हटलं, आदी बाचा शर्ट घाल. या धुक्यात असा गेलास आनि खोकलास, तर तुजी गाडी भंगारात घालीन."

जितू सायकलकडे वळला तसं त्यांनी त्याला खिडकीपाशी बोलावलं, त्यानं लावलेली बटनं सोडली आणि पुन्हा लावली. एक काज सोडून.

"आये, चुकलं."

"चुकू दे. जा."

पंक्चरवाल्यापर्यंत मी त्याच्या सोबत गेले. एवढा दांडगा माणूस लेडीज सायकलवर गुडघे बाहेर काढून चालला होता. वळणानंतर डोंगराकडचा वारा आला. त्यानं मान आपोआप डावीकडे झुकवून कॉलरमध्ये घातली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, "काकू, बाबापण असंच लावायचे बटन. पहाटे शेतावर निघायचे तेव्हा. मला वाटायचं, अंधारात चुकतंय त्यांचं." मग पुलापर्यंत तो जोरजोरात पेडल मारत राहिला. मी जीभ आवरली, आणि माझ्या बाबतीत ती बातमी होण्यासारखीच गोष्ट.

खोकला त्या थंडीत झालाच, पण जितूला. गुलाबताई रोज सकाळी त्याला ऐकू जाईल असं विचारायच्या, "मग, भंगारवाल्याला कवा बोलावू?" पुढच्या आठवड्यात शर्टाच्या पाठीवर दोन चमकणाऱ्या पट्ट्या शिवून आल्या. साइटवरच्या कामगारांच्या जाकिटावर असतात तशा. गाडी मागून यायचीच, पण आता लपत नसे. मी मात्र मनातून निर्धास्त झाले. त्या ट्रेलरांच्या रस्त्यावर मला रोज थोडी भीती वाटायची, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. माकडटोपीच्या आत पुष्कळ गोष्टी लपतात.

निरोपाचा समारंभ शाळेच्या मैदानात, सकाळीच होता. मांडवाच्या कापडात वारा भरत होता. गुलाबताई सायकलवरून आल्या, जरीची साडी नेसून आणि वर तो शर्ट. बाईंनी आता तो काढावा म्हणून मुख्याध्यापकांनी दोनदा खाकरून पाहिलं. त्या तशाच माइकपाशी गेल्या. पुढच्या रांगेत जितू बसला होता, त्याच्या शेजारी मी, ह्यांच्या शर्टात.

"आदरणीय मुख्याध्यापक, सहकारी शिक्षकवृंद आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो," त्यांनी सुरुवात केली. अगदी वर्गातला आवाज. "आज या शाळेचा निरोप घेताना माझ्या मनात अनेक भावना दाटून आल्या आहेत." आणि त्या थांबल्या. कागद नव्हता, पुढचं वाक्य येईना. मांडव फडफडत होता. मला त्यांच्यात काहीतरी वेगळं दिसत होतं, पण काय ते कळेना.

ते जितूला कळलं. तो खुर्चीतून अर्धा उठून म्हणाला, "आये, बटन बरोबर लागलंय."

सगळा मांडव त्याच्याकडे बघायला लागला. गुलाबताईंनी मान खाली घालून पाहिलं. स्टेजचा मान म्हणून त्यांनी त्या दिवशी सगळी बटनं सरळ लावली होती. त्यांनी ती एकेक करून सोडली, सावकाश, एक काज सोडून पुन्हा लावली, कॉलर कानाशी चढवली आणि माइक जवळ ओढला.

"हां," त्या म्हणाल्या. "तर मी काय सांगत होते, पोरांनो. आमी ओव्याच्या हाय."