बोंडअळीवरचं क्वांटम पाणी

धाड गावच्या आठवडी बाजारात मी त्या पाणीविक्याला एकदाच पाहिलं. पांढरा शर्ट, समोर टेबलावर निळसर पाण्याच्या बाटल्या. प्रत्येक बाटली तो रुमालाने पुसून द्यायचा आणि ‘क्वांटम’ शब्द आला की आवाज एकदम खाली आणायचा.

“कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर हे क्वांटम पाणी! मोठमोठ्या शास्त्रज्ञाईचा ऑनलाइन ग्रुप आहे. आयका, काय म्हणते!” मोबाईल डोळ्यांजवळ धरून तो वाचू लागला, “मोजल्याशिवाय कणाची अवस्था पक्की सांगता येत नाही...”

ती वाक्यं माझी होती. क्वांटम तंत्रज्ञानाची आवड असणाऱ्यांचा आमचा ऑनलाइन ग्रुप आहे. त्यात नवीन येणाऱ्यांसाठी मीच ती लिहिली होती.

मी पुढे झालो. “हे मी लिहिलंय. याचा अळीशी काही संबंध नाही. लोकांना फसवू नका!”

मला वाटलं, तो पळेल. तो उलट खुलला. हात जोडून म्हणाला, “वा साहेब! मोजल्याबिगर सांगता येत नाही, हे तुम्हीच लिहिलं न? मंग फवारल्याबिगर कसं सांगून राह्यले?”

लोक हसले. एका बाईने बाटली पिशवीत टाकली.

“मावशी, नका घेऊ. नुसतं पाणी आहे ते.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “बीटी कपाशीचं बियाणं घेतलं तवा तुमच्यासारख्याच शिकलेल्या माणसानं सांगतलं होतं, याले अळी लागतच नाही. आता कोणाचं आयकू, भाऊ?”