बिनहातांची खुर्ची

"खुर्ची बघू."

कोणाच्याही घरी गेल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हेच. यजमान सोफ्याकडे हात करत असायचे आणि हे जेवणाच्या टेबलाखालची खुर्ची ओढून तिची पाठ हलवून बघत, बैठक दाबून बघत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा हे गृहस्थ फर्निचरच्या धंद्यातले असावेत, असा माझ्या बायकोचा समज झाला.

ते चेलो वाजवत. व्हायोलिनचा हा थोरला भाऊ खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचा असतो आणि त्याच्या खालचा लोखंडी खिळा जमिनीत रोवायचा असतो, हे अंधेरीतल्या आमच्या सोसायटीला त्यांच्यामुळे कळलं. मूळचे गोव्याचे. सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये तीस वर्षं वाजवत होते. वीस व्हायोलिनांच्या मागे चार चेलो, त्यांतले हे तिसरे. रेडिओवर एखादं गाणं लागलं की बोट वर करत. "ऐका हां. आता मी." मग बोट खाली. "गेलो." आम्हाला कधीच काही वेगळं ऐकू आलं नाही, पण मान डोलवायला काय जातं?

घरी सराव करताना ते तारांखालच्या घोडीवर रबरी चाप लावत. नवीन राहायला आले तेव्हा आमच्या अध्यक्षांनी आवाजाबद्दल एक पत्र धाडलं होतं, त्याचा हा परिणाम. त्यामुळे भिंतीपलीकडे राहूनही मला ऐकू यायची ती नुसती गुणगुण. शेजारच्या खोलीत कोणीतरी तोंड मिटून काहीतरी सांगत असावं, तशी.

माझी मुलगी त्यांच्याकडे शिकायला लागली. दीड महिना तिच्या हातात काही दिलंच नाही. नुसतं बसायचं.

"पाठ सोड. खांदा सोड. कोपराला जागा पाहिजे, बाय."

"बसायला ती घरीच शिकली होती," बायको म्हणाली.

एकदा मी सहज विचारलं, "तुम्ही एकट्याने कधी वाजवलंत?"

"कोणी विचारलं नाय."

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वर्धापनदिन जवळ आला होता. मी विचारलं. त्यांनी आपली बोटं एकेक करून दाबून बघितली.

"वीस मिनिटं?"

"वीस."

"हाताची खुर्ची नको. बाकी काय नको."

मी डायरीत लिहून घेतलं. पुढचे तीन आठवडे भिंतीतून एकच गुणगुण येत राहिली. एका जागी अडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बघतो, तर स्टेजवर लाल मखमलीचं सिंहासन. मंडपवाल्याकडचं, लग्नात नवरदेव बसतो ते. दोन्ही हातांवर लाकडी सिंहांची तोंडं.

"त्यांना बिनहातांची हवी आहे," मी अध्यक्षांना म्हणालो.

"कलावंताला घडीच्या खुर्चीवर बसवायचं? लोक काय म्हणतील?"

अध्यक्षांबद्दल माझी मतं परखड होती आणि ती मी घरी मांडत असे. इथे म्हणालो, "बरोबर आहे."

शाल झाली, श्रीफळ झालं. अध्यक्षांनी संगीत आणि सहकार यांच्या नात्यावर अर्धा तास प्रकाश टाकला. मग आमचे चेलोवाले शेजारी सिंहासनावर बसले, काळा कोट घालून. चेलो गुडघ्यांत घेतला, गज तारेवर ठेवला आणि ओढला. कोपर सिंहाच्या तोंडावर आपटलं. पुढे सरकून पुन्हा ओढला, पुन्हा आपटलं. त्यांनी गज खाली घेतला. झालं बहुतेक, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष आभार मानायला माईकपाशी गेले.

ते सिंहासनावरून उठले. शाल-नारळ काखेत, चेलो हातात, अशा अवस्थेत पायऱ्या उतरले आणि पहिल्या रांगेत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सेक्रेटरी, जरा उठा."

मी उठलो. त्यांनी शाल आणि नारळ माझ्या हातात दिला. माझी घडीची खुर्ची हलवून बघितली, बैठक दाबली, खिळा कंपाउंडच्या सिमेंटमध्ये रोवला आणि वाजवायला लागले.

माईक स्टेजवरच राहिला होता. मागच्यांना ऐकू येईना, तेव्हा ते आपापल्या खुर्च्या सोडून पुढे येऊन उभे राहिले. अध्यक्षांचं वाक्य कुठेतरी मध्येच संपलं. भिंतीतून ऐकलेली ती गुणगुण मी लगेच ओळखली, पण आता तिचं तोंड उघडलं होतं. अडायची ती जागा आली, तेव्हा मी नारळ घट्ट धरला. ते अडले नाहीत. संपल्यावर त्यांनी आधी खिळा वर काढला, मग मान वर केली. माझी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, कोपर बघितलंत?"

पुढे गाण्यांत वीस व्हायोलिनांचं काम एक इलेक्ट्रिक पेटी करू लागली, मग मागच्या चार चेलोंना कोण विचारतो. ते गोव्याला निघून गेले. जाताना चेलोला टॅक्सीत मागची जागा दिली आणि स्वतः ड्रायव्हरजवळ बसले.

त्यानंतरच्या वर्षी कंपाउंडची दुरुस्ती निघाली. अध्यक्षांनीच निवडलेल्या कंत्राटदाराचं सिमेंट. एका खिळ्याने त्यात बोटाच्या पेराएवढा खड्डा पडला होता. अध्यक्षांनी छडीने तो दाखवला.

"हे बुजवून घ्या."

"नको," मी म्हणालो. "ते राहू द्या."

अजून आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, चमचाभर.