मृत्यूचे कारण: म्हातारपण

नाथाजी हवालदाराचा विषय निघाला की लोक आधी त्याच्या आवाजाबद्दल सांगतात. तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बोलायला लागला की मारुतीच्या देवळात बसलेले उठून यायचे. मी आधी त्याची शिवी सांगतो, कारण ती त्यानं मला दिली होती आणि मी तिच्या लायकीचा होतो.

"भाऊसाहेब, तुमी माणूस हाय का रबरी शिक्का?"

ही शिवी नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं बारा वर्षं ग्रामसेवकाची नोकरी केलेली नाही.

साल १९७४. मी मूळचा इस्लामपूरकडचा, पण नोकरीला पाणंदवाडीत होतो. कुंडलपासून तीन मैलांवरचं गाव. जन्म-मृत्यूची नोंदवही माझ्या ताब्यात. तिच्यात एक रकाना 'मृत्यूचे कारण' असा. गावात डॉक्टर नव्हता, त्यामुळे घरचा माणूस सांगेल तेच कारण. ताप, जुलाब, साप, बाळंतपण, विहीर. आणि पंचावन्नच्या वरचा पुरुष गेला, की बहुतेक वेळा मी कुणाला न विचारता लिहायचो: म्हातारपण. विचारणं बरं दिसत नाही, असं मला वाटायचं. आपण किती सभ्य, असंही वाटायचं. त्या सभ्यपणाची आज मला शिसारी येते.

का विचारत नव्हतो, तेही सांगतो. आमच्या भागात गरमी म्हणजे नुसतं ऊन नव्हे. बाहेरख्याली माणसाला जो रोग लागतो, त्याला गरमी म्हणतात. कमरेखाली काहीही बिघडलं, लघवी अडली, रक्त पडलं, की गाव तोंडावर हात ठेवून तो एकच शब्द बोलणार. त्यातून माणूस पलटणीत नोकरी करून आलेला असला तर विचारूच नका, आणि इथं घराआड एक पेन्शनर. ज्यांनी लढाईत छातीवर गोळी घ्यायची तयारी ठेवली, ते म्हातारे या एका शब्दाला भिऊन गोठ्यात जाऊन कण्हत पडायचे आणि तिथंच मरायचे. घरचे मला सांगायचे, वय झालं होतं. मी लिहायचो.

हरिबा असाच गेला. हरिबा म्हणजे नाथाजीचा थोरला भाऊ, मोठ्या लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला. दोघा भावांच्या घरांमध्ये एकच भिंत. आणि नाथाजीनं लष्करी इस्पितळात सतरा वर्षं नर्सिंगचं काम केलेलं. लघवी तुंबलेल्या जवानांना रबराची नळी घालायचं काम त्यानं इतकं केलं होतं, की झोपेतसुद्धा करीन म्हणायचा. त्याच्याच भिंतीपलीकडं त्याचा भाऊ आठ महिने तळमळत होता. कंबर धरलीय, गोठ्यात उबेला बरं वाटतं, असं सांगून त्यानं अंथरूण तिकडं हलवलं. नाथाजीला ते खरंच वाटलं.

कळलं ते शेवटची अंघोळ घालताना. मी तिथं होतो. पाणी ओतता ओतता नाथाजीचा हात भावाच्या ओटीपोटावर थांबला. पोट मडक्यासारखं टणक. त्यानं दोनदा दाबून बघितलं, तांब्या खाली ठेवला आणि वहिनीकडं, बनुबाईकडं वळला.

"कवापासनं?"

"आखाडापासनं," बनुबाई म्हणाली. "रगात बी पडायचं. तुमास्नी सांगू नगं म्हनलं त्येंनी. धाकट्या भावाम्होरं लाज वाटती म्हनलं."

तिसऱ्या दिवशी राख सावडून नाथाजी सरळ माझ्या टेबलापाशी आला आणि वही स्वतःच उघडली. शाई वाळून दोन दिवस झाले होते.

"म्हातारपण?" तो म्हणाला. "साठ वर्साचा व्हता त्यो. माज्यापरास पाचच वर्सांनी थोरला. मंग मी बी पाच वर्सांनी म्हातारपणानं मरायचं व्हय?" आणि मग ती वर सांगितलेली शिवी.

मी म्हणालो, "हवालदार, घरच्यांनी सांगितलं तेच लिहावं लागतं."

"कोनी सांगितलं? तुमी इचारलं का? ह्यो रोग हाय. त्याला नाव हाय. मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ असती पुरुषाला, ती वयात फुगती. कवा साधी असती, कवा कॅन्सरची. कॅन्सरची असली की हाडात उतरती, कंबर धरती. म्या डोळ्यांनी बघितल्यात असली मानसं. म्हातारपण म्हनं!"

त्यानं मागची सगळी पानं काढायला लावली. सहा वर्षांत पंचावन्नच्या वरचे एकेचाळीस पुरुष गेले होते, त्यांतल्या तेहतिसांपुढं माझ्या वळणदार अक्षरात म्हातारपण. तो त्यांच्या घरी चौकशीला गेला. मुलांनी, भावांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत लावलं. एकानं तर अंगावर कुत्रं सोडलं. तेव्हा त्याची बायको राहीबाई उठली. तिनं पुरुषांना काही विचारलंच नाही. नदीवर धुणं धुता धुता विधवांना विचारलं. आठ दिवसांत तिच्याकडं नऊ नावं जमली, हरिबा धरून. नऊ जणांची लघवी अडलेली, रक्त पडलेलं, कंबर नाहीतर मांडीचं हाड ठणकत असलेलं. सगळं बायकांना माहीत होतं. धोतरं त्यांनीच धुतली होती.

नाथाजीनं त्या नऊ नावांचा कागद केला, मी त्यावर शिक्का मारला आणि आम्ही दोघं जिल्ह्याच्या एका ऑफिसात गेलो. मागणं काही राजवाड्याचं नव्हतं. महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या दवाखान्यात सर्जन यावा आणि पन्नाशीच्या वरच्या पुरुषांना तपासावं, एवढंच.

पंख्याखालच्या साहेबानं कागद वाचला. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. मग कपाटातून एक छापील अहवाल काढला, बोटानं ओळ शोधली आणि हसला.

"हे बघा हवालदार. आपल्या देशात हा रोग तसा कमीच, सगळा साहेबलोकांच्या देशात. आणि तुमच्या तालुक्याचा आकडा तर शून्य आहे. म्हणजे देशाच्या मानानं तुमची परिस्थिती उत्तमच म्हणायची. जिथं रोगच नाही तिथं सर्जन कसा पाठवू?"

"तालुक्याचा आकडा कुठनं आला?"

"तुमच्या ग्रामपंचायतींच्या नोंदींवरून."

"आनि देशाचा?"

"असाच. ठिकठिकाणच्या नोंदींवरून."

नाथाजी खुर्चीतून उठला. "म्हंजी ह्या भाऊसाहेबानं लाजंपायी म्हातारपण लिवलं, त्याचं तुमी शून्य केलं. गावोगावच्या भाऊसाहेबांनी तसंच लिवलं, त्यो देशाचा आकडा झाला. आनि आता त्योच आकडा दावून तुमी मला सांगताय की रोगच न्हाई! आवं, मानसं मेली की ती! मेलेली मानसं कुटं लपवली तुमी?"

"आवाज खाली. तुम्ही डॉक्टर नाही. या नऊ जणांना कॅन्सरच होता, हे कशावरून?"

"न्हाई सांगता येत. किती कॅन्सर, किती साधी गाठ, म्या न्हाई सांगू शकत. त्येच्यासाटीच तपासाया मानूस मागतोय न्हवं का!"

साहेबानं कागद ठेवून घेतला. त्याचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही. परतीच्या एसटीत मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो. त्या अहवालातलं शून्य माझ्या अक्षरातलं होतं.

मग ७६ साल उजाडलं आणि सरकारला एकाएकी पुरुषाच्या कमरेखालच्या भागात फार रस निर्माण झाला. नसबंदीचा कोटा मला मिळाला, मास्तरांना मिळाला, तलाठ्याला मिळाला. एक माणूस कमी भरला तर पगार अडत होता. डॉक्टर आले, जीप आली, तंबू आला. दोन वर्षं ज्या गावाला महिन्याचा एक डॉक्टर मिळत नव्हता, तिथं एका दिवशी तीन हजर. आकडा रोज संध्याकाळी तारेनं कळवायचा, नावानिशी. मोजायचं असलं की सरकारला मोजता येतं, हे मला तेव्हा कळलं. नाथाजी तंबूपाशी जाऊन म्हणाला, आलायसा तसं म्हाताऱ्यांना बी तपासा. त्याला पोलिसानं बाजूला काढलं.

त्याच दिवाळीच्या सुमारास नाथाजीची कंबर धरली. त्यानं कुणाला विचारलं नाही, कुणापासून लपवलंही नाही. राहीबाईला घेऊन मिरजेला गेला. तिथल्या डॉक्टरनं गाठीचा तुकडा काढून तपासला आणि रोगाचं नाव टाईप केलेला कागद हातात दिला. नाथाजी गावात आला तो कागद फडकावतच. त्या कागदाचा त्याला आनंद झाला होता, असं मी म्हटलं तर खोटं वाटेल, पण तसंच होतं.

पुढं ऑपरेशन झालं. या रोगात वृषण काढून टाकतात, म्हणजे गाठीची वाढ आवरते. गावाला ते कळलं आणि खिदळायला ऊत आला. नाथाजी हवालदारानं म्हातारपणी भाऊसाहेबाचा कोटा भरला, असं पारावर बोलायला लागले. काहींनी दुसरा शब्दही काढला, तोच जुना. दुसऱ्या दिवशी नाथाजी काठी टेकत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चढला.

"ऐका रं गड्यांनो! काय काय कापलं त्ये म्याच सांगतो, पारावर कुजबुजू नगा. गरमी न्हाई मला. कॅन्सर हाय. हरिबाला बी त्योच असनार, आनि लाजंपायी मेला त्यो. ज्याला लघवीला तरास हाय त्यानं उद्या सकाळच्या गाडीला माज्यासंगं मिरजंला यायचं. ज्याला लाज वाटती त्यानं गोठा झाडून ठेवावा."

बायका दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी गाडीला कुणी आलं नाही. पण पुढच्या वर्षभरात तिघे आले, तोंड चुकवत, टोपी डोळ्यांवर ओढून. दोघांची गाठ साधी निघाली आणि ते बरे होऊन शेतात गेले. त्यांतल्या एकानं पुढं कधी नाथाजीला रामराम केला नाही, न जाणो कुणी विचारलं, हवालदाराशी एवढी सलगी कशी म्हणून. नाथाजी म्हणायचा, "मुततोय न्हवं का नीट? मग मरू दे रामराम."

नाथाजी गेला तो ७९ च्या माघात. हरिबाला पाच वर्षं झाली होती. महिनाभर आधी त्यानं मला बोलावून वचन घेतलं होतं, की रकान्यात खरं लिहीन. मी हो म्हटलं होतं, मोठ्या तोंडानं.

तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा दादासो आला. साखर कारखान्यात कामाला, सरळ माणूस. हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, म्हातारपण लिवा. पोरीची सोयरीक ठरलीय. पाव्हणे पाटणकडचे, त्येंच्या कानावर कोन काय घालंल सांगता येत न्हाई. आबा गेलं, आता कागदावर काय लिवलं त्यानं त्येंना काय फरक पडतोय?"

मी टाक शाईत बुडवला. इथं मला खोटं बोलायचं नाही. मी 'म्हा' लिहिला. नोकरीची सवय, पोरीच्या बापाचे जोडलेले हात, आणि माझा मूळचा भित्रेपणा. तेवढ्यात दारात राहीबाई आली, तिच्या मागं बनुबाई. राहीबाईच्या हातात मिरजेचा कागद होता.

"काय लिवताय?" ती म्हणाली.

"आये, तू घरला जा," दादासो म्हणाला.

"तू गप. तुज्या बानं चारचौघांत ओट्यावर उभं राहून सांगितलं, आनि तू त्येला मेल्यावर गोठ्यात घालतूस व्हय रं?" तिनं कागद वहीवर ठेवला. तिला अक्षर येत नव्हतं, पण रकाना कुठला ते तिला बरोबर ठाऊक होतं. त्याच्यावर बोट ठेवून ती उभी राहिली. "खोडा त्ये. हितलं नाव तितं लिवा. मला वाचून दावा."

मी खोडलं, लिहिलं आणि वाचून दाखवलं. दादासो भिंतीकडं तोंड करून रडत होता. मग बनुबाई पुढं झाली.

"आमच्यांचं बी खोडा."

मी कायदा सांगितला. जुनी नोंद अशी बदलता येत नाही, पुरावा लागतो, डॉक्टरचा कागद लागतो.

"आट म्हयनं रगताची धोतरं म्या धुतली," ती म्हणाली. "डाक्टर कुटं व्हता तवा? पुरावा आनि कसा असतोय?"

तसला पुरावा कायद्यात नव्हता.

मार्चअखेर वर्षाचं पत्रक वर गेलं. चार आठवड्यांनी जिल्ह्याहून पत्र आलं. पाणंदवाडी येथून या रोगाची एक नोंद आढळते, तालुक्यात व आजूबाजूस अशी नोंद नसल्याने ती नजरचुकीने झाली असावी, तरी खातरजमा करून दुरुस्ती कळवावी. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला राग आला. नाथाजीसारखा आवाज मला नाही. मला लिहिता येतं, जबाब घेता येतो, शिक्का मारता येतो. मी राहीबाईला निरोप दिला.

नऊपैकी सहा जणांच्या बायका जिवंत होत्या. सहाही आल्या, डोक्यावर पदर घेऊन, दिवसाढवळ्या, पारावरच्या सगळ्यांच्या देखत. प्रत्येकीचा जबाब मी शब्दाला शब्द लिहून घेतला आणि खाली अंगठा घेतला. वर माझं पत्र लावलं: नोंद बरोबर आहे, सोबत मिरजेच्या दाखल्याची नक्कल. चूक तिच्या आधीच्या नऊ नोंदींत आहे. कुणाला काही न विचारता त्या मी केल्या. सहांचे जबाब जोडले आहेत, उरलेल्या तिघांचं सांगायला आता कुणी राहिलेलं नाही.

बनुबाईचा अंगठा सगळ्यात शेवटी घेतला. तो कागदावर नीट उठला का, हे तिनं वाकून बघितलं. नीट उठला नव्हता. तिनं तो पुन्हा शाईत बुडवला आणि पहिल्यापेक्षा जोरात दाबला.