तळ्याकाठच्या अकरा सकाळी

विमान खाली येऊ लागलं आणि जमिनीवर पंगतीला ताटं मांडावीत तशी तळी दिसायला लागली. एक, दोन, दहा, वीस... मी मोजणं सोडून दिलं. सव्वीस वर्षं साताऱ्यातल्या मुलींकडून उत्तर अमेरिकेची पाच मोठी सरोवरं निळ्या पेन्सिलीने रंगवून घेतली, आणि मिनेसोटातली ही एवढी सगळी आमच्या नकाशात कुठे नव्हतीच! शेजारच्या बाईंना मी माझ्या इंग्रजीत ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याही नसतात. आम्ही नावं ठेवून ठेवून दमलो."

विमानतळावर मंजिरी उभी होती. माझी धाकटी. चार वर्षांनी बघत होते. जाताना कमरेपर्यंत वेणी होती, आता उंदराची शेपटी राहिली होती.

"अगं, काय ही अवस्था केसांची!"

"आई, आधी भेट तर. केसांचं भाषण नंतर."

भेटले. दोघीही रडलो. मग केसांचं भाषणही केलं.

पहिले दोन दिवस ईडन प्रेरी नावाच्या उपनगरात शैलाताईंकडे राहिलो. त्या मूळच्या नागपूरच्या. मंजिरीला इथे आल्यापासून दर सणाला जेवायला बोलावणाऱ्या. घर चित्रासारखं, पण फ्रीजवर देवाच्या तसबिरीशेजारी हवामानाचं कात्रण. "ताई, इथे आधी वेदर बघायचं आणि मग प्लॅन करायचा. गेल्या वर्षी स्नोमुळे आमचं हळदीकुंकू दोनदा कॅन्सल केलं, यार!" हळदीकुंकू आणि यार एका वाक्यात मी प्रथमच ऐकलं. त्यांच्या शेजारणीने माझ्यासाठी हॉटडिश (बटाटे, मटार आणि दाट सूप एकत्र करून भट्टीत भाजलेला प्रकार) पाठवली होती. चव आजाऱ्याच्या खिचडीसारखी. मी वरून लसणाची चटणी भुरभुरली, तेव्हा शैलाताईंच्या यजमानांनीही हळूच वाटी पुढे केली.

तिसऱ्या दिवशी मंजिरीच्या खटारा गाडीतून पश्चिमेला निघालो. दोन्ही बाजूंना मका, मध्येच लाल कोठार, पुन्हा मका. दीड तासाने एक तळं आलं आणि काठावर एक लाकडी खोली. वसंत आणि शरद या दोन ऋतूंत माझी लेक तिथे राहायची. तिच्या पीएच.डी.चा विषय तेवढाच होता, वसंतातली आणि शरदातली हवा.

"आई, एकवीस मार्च आणि तेवीस सप्टेंबरला काय असतं?"

"मला विचारतेस? दिवस-रात्र समान."

"म्हणजे ऊन सारखंच. तरी मार्चमध्ये या तळ्यावर ट्रक चालतो, एवढा बर्फ असतो. आणि आत्ता बघ, पोरं पोहतायत. का?"

"का म्हणजे? पाण्यात उन्हाळा मुरलेला असतो."

ती गाडी चालवता चालवता माझ्याकडे बघून हसली. "अगदी हेच मी दीडशे पानांत लिहितेय."

मुरलेल्या उन्हाळ्यातून तळं शरदात हवेला किती वाफ देतं आणि वसंतात किती कमी देतं, हे तिला मोजून दाखवायचं होतं. वसंताची मोजमापं पुरी झाली होती. या शरदाचे चाळीस दिवस हवे होते. तळं गोठलं की यंत्रं निघणार होती आणि प्रकल्पाची मुदतही तिथेच संपत होती. पुढचा शरद तिला मिळणार नव्हता.

काठावर पांढरी, झडपांची पेटी होती. आत दोन तापमापक. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर उडतं आणि तो तापमापक खाली उतरतो. हवा दमट असली की दोन्ही जवळजवळ सारखे. नववीच्या पुस्तकात याची आकृती आहे. मी ती फळ्यावर शंभर वेळा काढली असेन. खरं यंत्र आमच्या शाळेत कधी आलं नाही. इथे ते बघून मला कोण आनंद झाला!

मंजिरी सकाळी विद्यापीठात शिकवायला जायची. सकाळच्या नोंदी घ्यायला ठेवलेला विद्यार्थी त्या वर्षी सोडून गेला होता. मी म्हटलं, "मी आहे की." तिने दोन दिवस मला सगळं दाखवलं. आकडा कसा वाचायचा, वहीत कसा लिहायचा. खोलीत खोडरबर नव्हतंच. "लिहिलेलं खोडायचं नाही, आई. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. शेजारी कारण लिहायचं आणि सही करायची. आणि वातीला हात लावू नकोस."

तर आमचा दिनक्रम असा बसला. सकाळी सहाला मी तिला समोर बसवून डोक्याला खोबरेल चोळायची. थंडीने तेलाचा दगड व्हायचा, म्हणून बाटली आधी गरम पाण्यात ठेवायची. ती कुरकुरायची, "आई, कॉलेजात वास येतो गं," पण उठून जायची नाही. डोळे मिटून बसायची. मग टोपी घालून ती जायची, आणि मी हात पदराला पुसून पेटीकडे.

पहिल्याच सकाळी मला वातीचं वरचं टोक कोरडं वाटलं. पाणी नीट चढत नसेल, म्हणून मी दोन बोटांनी ती ओली करून, चापून नीट बसवली. निरांजनातली वात करतो ना, तशी. मग रोजच करू लागले. "हात लावू नकोस" हे मी ऐकलं होतं. पण ते नवख्या पोरांसाठी, आपल्यासाठी नव्हे, असं मला वाटलं. शिक्षकांना हा रोगच असतो.

आठवड्याभरात मंजिरीचा चेहरा उजळला. दोन्ही तापमापकांत फरकच उरत नव्हता. हवा वाफेने भरलेली! तिने अंदाज केला होता त्याच्या दुप्पट. जेवताना हातातला घास तसाच ठेवून कागदावर गणितं मांडायची. "आई, तुझा पायगुण!" म्हणाली. इतकी खूश ती दहावीच्या निकालालाही नव्हती. चार वर्षं वाट पाहिलेली गोष्ट दिसली की माणूस वात तपासत नाही.

अकराव्या दिवशी मी सुती नऊवारी धुऊन दोन मेपलच्या झाडांमध्ये वाळत घातली. वारा छान होता, झाडं लालभडक. अर्ध्या तासाने बघते तर साडी कडकडीत वाळलेली, पापडासारखी. मी घडी घालायला लागले आणि माझा हात थांबला. वहीत सकाळी मीच लिहिलं होतं, हवा जवळजवळ भिजलेली. भिजलेल्या हवेत नऊवारी अर्ध्या तासात वाळत नाही हो! माहेर कोकणातलं आहे माझं.

पेटी उघडली. वातीवर पाण्याचा थेंब टाकला. तो अळवाच्या पानावरून घरंगळावा तसा घरंगळला. म्हणजे वात ओली होतच नव्हती, म्हणून दोन्ही तापमापक सारखे. बोटांत धरून पाहिलं तर मेणासारखा पांढरा थर. नाकाशी नेलं. खोबरेल.

मी तिथेच पायरीवर बसले. खरं सांगते, पहिला विचार काय आला तो लिहायला लाज वाटते. पेटीत नव्या वाती होत्या. बदलून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. उद्यापासून हवा कोरडी झाली असती. शरदातली हवा, ती काय बदलतेच. आणि पोरीचा आनंद राहिला असता. पण तो आनंद दीडशे पानांत छापला जाणार होता, तिच्या नावावर.

दुपारी ती आली तेव्हा मी वात बशीत ठेवून बसले होते. सगळं सांगितलं. तिने वात पाहिली, वास घेतला.

"मी सांगितलं होतं ना हात लावू नकोस म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"मग का लावलास, आई? का?"

ती बाहेर जाऊन तळ्याकाठी उभी राहिली. त्या रात्री आम्ही दोघी भात चिवडत बसलो आणि तसंच ताट सारून उठलो.

दुसऱ्या दिवशी तिचे गाइड आले. उंच, सत्तरीकडे झुकलेले, नॉर्वेहून आलेल्या आजोबांचा नातू. शब्द मोजून वापरणारे. मला वाटलं, आता माझी रवानगी. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि लाल पेन दिलं.

"नोंदी तुम्ही घेतल्यात. रेघाही तुम्हीच मारायच्या. कारण लिहा, सही करा."

अकरा ओळी. प्रत्येक ओळीत एक रेघ, पुढे इंग्रजीत 'वातीला खोबरेल, निरीक्षकाच्या हातांचं', आणि खाली माझी सही, मराठीत; मला दुसरी येत नाही. मंजिरी खिडकीकडे तोंड करून उभी होती. सहाव्या ओळीशी मी पेन खाली ठेवलं, तेव्हा तिने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. उरलेल्या पाच ओळी मी तशाच लिहिल्या.

"आता सकाळी कोण?" निघताना गाइडनी विचारलं.

मंजिरी म्हणाली, "आईच. दुसरं कुणी एवढं बघत नाही."

माझं परतीचं तिकीट आठ दिवसांवर होतं. यांना पत्र टाकलं, 'दिवाळी तुमची तुम्ही करा, पोरीचे अकरा दिवस मी बुडवलेत, ते भरून येते.' यांचं उलट टपाली उत्तर आलं, 'चकल्या शेजारच्या करतील, तू वात सांभाळ.'

मग दीड महिना मी रोज सकाळी साबणाने हात धुऊन पेटीपाशी गेले, आणि हात पाठीमागे बांधून आकडे वाचले. मका कापला गेला, झाडं उघडी पडली, बदकं दक्षिणेला गेली. थंड पहाटे तळ्यातून वाफा निघायच्या, आणि त्या वाफांचा खरा आकडा वहीत उतरायचा. तो दुप्पट नव्हता. तिच्या अंदाजापेक्षा थोडाच जास्त होता, पण रोज तेवढाच. अडतीस दिवस भरले आणि काठाला बर्फाची साय धरली. दोन दिवस देवाला हात जोडून बसले. एकेचाळिसाव्या सकाळी तळं पांढरं झालं होतं.

साताऱ्यात परतले. शाळेत मुलींनी अमेरिकेत काय पाहिलंत विचारलं. मी त्यांना उंच इमारती सोडून एका वातीची गोष्ट सांगितली. त्यांना जरा निराशाच वाटली असावी. पण मला तिकडून तेवढंच नीट कळून आलं होतं. माया करणारा हातही धुऊन घ्यावा लागतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोस्टात मंजिरीचा ट्रंक कॉल आला. पास झाली होती. आम्ही दोघं एकाच रिसीव्हरला कान लावून उभे.

"आई, परीक्षकांनी विचारलं, मधले अकरा दिवस कुठे गेले? मी वही दाखवली. सगळं सांगितलं, तेलासकट."

"हसले असतील."

"हसले की. मग एकाने विचारलं, ही चूक पकडली कुणी? म्हटलं, जिने केली तिनेच, साडी वाळत घालताना. तर म्हणाला, तुझी आई सायंटिस्ट आहे का?"

"मग?"

"मी हो म्हटलं."

पुढे ती काय बोलली ते यांनी ऐकलं. मला ऐकू आलं नाही. लाइन अगदी स्वच्छ होती. रडत मीच होते.