आधी टोपी, मग हात

गाडी अडवायची झाली की ट्रॅफिकचे जमादार आधी टोपी नीट बसवायचे, मगच हात वर करायचे. नांदेडहून अर्धापूरला जाताना तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. उन्हानं टोपीखाली कपाळावर लाल वळ उठायचा, तरी काढायचे नाहीत. म्हणायचे, "लोक टोपीला बघून थांबतेत. मला बघून कोन थांबतंय?"

आम्ही भाड्याच्या गाड्या चालवणारे त्यांची चेष्टा करायचो. एकदा त्यांच्या मेव्हण्याचाच ट्रॅक्टर आला. टोपी घालून त्याला अडवलं, पावती फाडली आणि मग टोपी काढून घरची खुशाली विचारली. मेव्हणा दिवाळीपर्यंत बोलला नाही.

पुढे साहेबांनी बिनपट्ट्याची, म्हणजे पोलिसांची कसलीच खूण नसलेली गाडी काढली. पांढरी, भाड्यानं लावलेली, माझीच, चालवायलाही मीच. पोलीस दिसले की लोक सावध होतात, म्हणून टोपी मांडीवर ठेवून बसा, असा हुकूम झाला. जमादारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. मी गाडी सुरू केली.

एका दुपारी शाळेतून परतणाऱ्या एक बाई स्कूटीवर दिसल्या. हेल्मेट नव्हतं. आम्ही मागे लागलो, जमादारांनी खिडकीतून हात काढून थांबायची खूण केली. बाईंना दिसली ती अनोळखी गाडी आणि पांढऱ्या बाहीतला एका पुरुषाचा हात. त्यांनी वेग वाढवला. मीही वाढवला, हे सांगताना आजही मान खाली जाते. शेवटी त्या रस्ता सोडून केळीच्या बागेत शिरल्या आणि स्कूटीसकट पाटात पडल्या.

आम्ही धावत गेलो. एक हात लोंबत होता. दुसऱ्या हातानं त्या मंगळसूत्र काढून आमच्यापुढे धरत होत्या.

"हे घ्या दादा. पन मला हात लावू नका."

जमादारांचा हात डोक्याकडे गेला. टोपी गाडीतच राहिली होती.

आमच्या गाडीतून दवाखान्यात यायला त्या तयार झाल्या नाहीत. बागेतल्या मजूर बायकांनी त्यांना ऑटोत घालून नेलं. तक्रार वर गेली आणि हुकूम निघाला, की पट्टा नसलेल्या गाडीतून यापुढे कुणाला अडवायचं नाही. माझ्या गाडीचं भाडं बंद झालं. जमादारांना कुणी बोललंसुद्धा नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

महिन्याभरानं ते मला घेऊन माफी मागायला गेले. वर्दीची लाज वाटली म्हणून साध्या कपड्यांत. बाईंनी दार उघडलं, जमादारांचा चेहरा पाहिला आणि बाईंचा हात गळ्याकडे गेला. जमादारांनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले आणि मागे फिरले.

वाटेत एवढंच म्हणाले, "टोपी न्हाई तर मी न्हाई, एवढं साहेबाला म्हनायचं होतं. जमलं न्हाई."

परवा ते दिसले. आता निवृत्त झालेत, संध्याकाळी त्याच रस्त्यानं फिरतात. मागून एका बाईच्या स्कूटीचा आवाज आला. जमादार डांबरावरून खाली मातीत उतरले, तोंड शेताकडे केलं आणि दोन्ही हात तिला दिसतील असे पाठीमागे धरून उभे राहिले. स्कूटी पार लांब जाईपर्यंत ते वळले नाहीत.